व्हेप, निकोटिन आणि सकाळची वाढलेली शुगर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लक्षात येईल. वय ३६, पाच वर्षांपासून टाइप २ मधुमेह, मेटफॉर्मिनची गोळी चालू आणि रात्री १६ युनिट बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसभर सावकाश काम करणारं. दिवसाला आठ-दहा सिगारेटी होत्या, त्या आठ महिन्यांपूर्वी पूर्ण सुटल्या आणि त्यांच्या जागी पॉडवालं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आलं. दोन मिलीचा पॉड, म्हणजे लिक्विडची कुपी, दोन दिवस पुरतो, पाकिटावर ‘५ टक्के’ लिहिलेलं आहे, फ्लेवर आंब्याचा आणि चवीला चांगलाच गोड. या काळात वजन चार किलोने वाढलं, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ७.१ वरून ७.९ वर गेलं आणि उपाशीपोटीची शुगर १५० ते १७० येते. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: त्या लिक्विडमध्ये साखर असते का, बिनगोड फ्लेवर घेतला तर फरक पडेल का, आणि व्हेप बंद केलं तर इन्सुलिनचा डोस बदलावा लागेल का.

गेली एकवीस वर्षं मी मधुमेहाचेच पेशंट पाहते. व्हेपचा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढला आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात साखरेपासूनच करतो. ते साहजिक आहे. मधुमेह झाला की गोड लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे संशयाने पाहायला आपणच शिकवलेलं असतं. पण इथे गोड चवीच्या मागे लागलात तर खरं कारण हातून निसटेल.

आधी साखरेचं बघू. व्हेपच्या लिक्विडमध्ये मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन असतं. ग्लिसरीन स्वतःच किंचित गोड असतं. त्यावर फ्लेवर आणि बऱ्याचदा सुक्रालोजसारखा गोडवा घातलेला असतो. तुम्ही दिवसाला साधारण एक मिली लिक्विड वापरता, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. ग्लिसरीनपासून यकृत साखर बनवू शकतं हे खरं आहे, पण हे सगळंच्या सगळं साखर झालं असं धरलं तरी ते एका मारी बिस्किटातल्या कार्बोहायड्रेटच्या निम्मंही भरत नाही. एवढ्याने सकाळची शुगर १७० होत नाही. म्हणून बिनगोड फ्लेवरने शुगर उतरेल ही आशा सोडून द्या. गोड फ्लेवरचा तोटा वेगळाच आहे: घशाला खरखर कमी जाणवते, कश जास्त ओढले जातात, आणि ही द्रव्यं तापली की फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिन यांसारखी फुफ्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना त्रासदायक रसायनं तयार होतात.

आता निकोटिन. शुगरच्या बाबतीत सगळा खेळ त्याचा आहे. निकोटिन रक्तात गेलं की शरीराला वाटतं, समोर संकट उभं आहे. अॅड्रिनलिन वाढतं, कॉर्टिसॉल वाढतं. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, चरबीच्या पेशी फॅटी अॅसिड सोडतात आणि स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. शिवाय स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही निकोटिनला चिकटायला जागा असते, आणि तिथे त्याचा परिणाम इन्सुलिन कमी सुटण्याकडे जातो. मधुमेह नसलेल्या माणसाचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून हे भरून काढतं. तुमच्याकडे तेवढी शिल्लक नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा स्वीडिश अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. त्यात शिरेतून थोडं निकोटिन दिलं होतं. टाइप २ असलेल्यांमध्ये इन्सुलिनचा परिणाम लगेच घटला, निरोगी लोकांमध्ये तेवढ्याच डोसने घटला नाही. धूर नाही, डांबर नाही, नुसतं निकोटिन. ‘आमच्या ऑफिसात सगळेच ओढतात, त्यांना काही होत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटला मी हेच सांगते: त्यांच्या आणि तुमच्या शरीरात हा फरक आहे.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे तो ‘५ टक्के’ आकडा. पाच टक्के म्हणजे एका मिलीमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून रक्तात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम उतरतं, म्हणजे दहा सिगारेटींचे दहा ते पंधरा. तुमच्या एका मिलीतलं निम्मं जरी रक्तात उतरलं तरी ते पंचवीस होतं. सिगारेट सोडल्याचं तुम्हाला समाधान आहे आणि ते असायलाच हवं, कारण धूर, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांतून तुम्ही बाहेर आलात. पण निकोटिन बहुधा कमी झालेलं नाही, वाढलेलं आहे. दुसरं असं की सिगारेट संपते. ती विझवावी लागते, पुढची पेटवायला जिना उतरून खाली जावं लागतं. पॉडला शेवट नसतो. तो टेबलावर, गादीजवळ, गाडीत असतो. एकेक कश करत दिवसभर निकोटिनची पातळी चढती राहते. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला सुमारे दोन तास लागतात, म्हणून झोपण्यापूर्वीचे कश मध्यरात्रीपर्यंत सोबत असतात. झोप उथळ होते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी इन्सुलिन कमी काम करतं. उपाशीपोटीची शुगर अडलेल्या पेशंटला मी आता ‘रात्री जाग आली की व्हेप हातात घेता का?’ हेही विचारते. हो म्हणणारे कमी नसतात.

तरीही तुमची सगळी वाढ व्हेपच्या माथी मारणं मला पटत नाही. सिगारेट सुटल्यावर पहिल्या वर्षात मधुमेहींचं एचबीए१सी थोडं वाढतं, हे ब्रिटनमधल्या हजारो पेशंटच्या नोंदींवरून २०१५ मध्ये दाखवलं गेलं आहे. ती सरासरी वाढ ०.२१ होती आणि ती हळूहळू ओसरली. भूक परत येते, जिभेची चव परत येते, वजन वाढतं. तुमचे चार किलो त्यातलेच असू शकतात. तुमची वाढ मात्र ०.८ आहे, म्हणजे बाकीच्याचा शोध घ्यायला हवा. वाढलेलं निकोटिन हे एक कारण. पाच वर्षांत मधुमेह स्वतःच थोडा पुढे सरकणं हे दुसरं. १६ युनिट तुमच्या वजनाला आता कमीच पडत असतील, हेही अगदी शक्य आहे. इंजेक्शन एकाच जागी घेऊन पोटावर गाठी झाल्या असतील तर इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि निकोटिनने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसल्या की ते आणखी मंदावतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे मोजून पाहिलं गेलं आहे. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

आणि थेट व्हेपवरचे पुरावे? ते अजून पातळ आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख प्रौढांच्या सर्वेक्षणाचं विश्लेषण आलं. त्यात व्हेप करणाऱ्यांमध्ये प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची शुगर, असण्याची शक्यता काहीशी जास्त दिसली. पण लोकांनी स्वतः सांगितलेली ती माहिती आहे, आणि आधी व्हेप की आधी शुगर हे त्यातून ठरत नाही. त्यामुळे माझं मत मी निकोटिनबद्दल जे पक्कं माहीत आहे त्यावर आणि पेशंटच्या वह्यांमधल्या नोंदींवर बांधलं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही मधुमेहींनी सिगारेट, तंबाखू आणि ई-सिगारेट तिन्ही टाळावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला ती सांगितल्याशिवाय मी जाऊ देत नाही. शुगर लो झाल्यावर काय होतं? छातीत धडधड, हाताला कंप, घाम, मळमळ. निकोटिन जास्त झाल्यावर काय होतं? जवळपास तेच. माझ्याकडे टाइप १ असलेली एक कॉलेजची मुलगी येते. हॉस्टेलवर व्हेप सुरू झालं होतं. धडधड झाली की तिला वाटायचं लो झाली, मग ग्लुकोजची बिस्किटं, आणि तासाभराने शुगर २५० च्या पुढे. महिनाभर आम्ही दोघी इन्सुलिनच्या डोसशी झगडत राहिलो, कारण व्हेपचं तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. नंतर एकदा नेमकं उलट झालं. खरोखर लो झाली होती आणि ‘आज जरा जास्त ओढलं’ म्हणून ती तशीच पडून राहिली. मैत्रिणीने बोट टोचून पाहिलं म्हणून निभावलं, शुगर ४८ होती. तेव्हापासून माझ्या पहिल्या भेटीतल्या प्रश्नांमध्ये व्हेप पक्कं बसलं आहे. धडधड जाणवली की आधी बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. मीटर जवळ नसेल तर लो आहे असंच समजून साखर घ्या. त्या वेळी शुगर थोडी वर गेली तरी चालेल.

निकोटिन भूकही मारतं. दुपारचं जेवण ढकललं जातं आणि रात्री दहाला दुप्पट जेवण होतं. दिवसभराच्या शुगरची शिस्त यानेच बिघडते आणि सकाळचा आकडा रात्रीच्या ताटातूनही येतो. तुमचं असं होतंय का ते बघा.

‘मग झिरो निकोटिन घेतो’ असंही बरेच जण म्हणतात. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद आहे. म्हणजे इथे हातात येणारी प्रत्येक वस्तू चोरबाजारातली, आणि पाकिटावरचा ‘०’ किंवा ‘५’ कोणी तपासलेला नाही. तुमचे ५ टक्केही मी हिशोबापुरतेच खरे धरले. गांजाच्या तेलाची काडतुसं तर मुळीच नकोत. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुफ्फुसांना गंभीर इजा होण्याची जी साथ आली, तिच्यात २,८०० च्या वर लोक रुग्णालयात दाखल झाले, ६८ दगावले, आणि मुख्य धागा अशाच काडतुसांकडे आणि त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटकडे जात होता. कायद्याच्या भीतीने डॉक्टरपासून हे लपवू नका. आम्हाला ते डोस ठरवण्यासाठी हवं असतं.

लंडन, लेस्टरकडे राहणारे आपले लोक मला विचारतात की तिथे तर सरकारी डॉक्टरच व्हेप सुचवतात. बरोबर आहे. तिथे ते सिगारेट पूर्ण सोडण्याचं साधन म्हणून प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सुचवलं जातं, आणि लिक्विडमध्ये मिलीला २० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे. तुम्ही अडीचपट तीव्रतेचं वापरताय आणि आठ महिन्यांत त्याला शेवट ठरवलेला नाही. महाराष्ट्रात तर चित्रच निराळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात इथे धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, पण तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे सुमारे चोवीस टक्के. माझ्या ओपीडीत कित्येक मावश्या तंबाखूला ठाम ‘नाही’ म्हणतात आणि दिवसातून तीनदा मिश्री लावतात. दातांसाठीची ती वस्तू त्यांच्या लेखी तंबाखूच नसते. तुम्ही व्हेपसोबत मळलेला तंबाखू किंवा पानातला जर्दा घेत असाल तर तेही हिशोबात धरा. निकोटिन कोणत्या वाटेने आलं याने इन्सुलिनला फरक पडत नाही.

शुगरच्या पलीकडचंही एक सांगते, कारण मला रात्री झोप न लागू देणारे पेशंट याच गटातले असतात. मधुमेह रक्तवाहिन्या आतून खरवडतो आणि निकोटिन त्या आवळतं. पायाच्या बोटांची जखम महिनोन्‌महिने न भरणं, लघवीतून प्रथिनं जाणं, डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होणं, या सगळ्याला दोन्हींची जोड वाईट. तुम्ही ३६ चे आहात, पुढची चाळीस वर्षं ते पाय वापरायचे आहेत. पाच वर्षं झाली आहेत म्हणून या महिन्यात डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना या तीन तपासण्या करून घ्या, आकडा काहीही असो.

आता काय करायचं. आधी सात दिवस काहीही न बदलता वही लिहा. उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना, अशा दिवसाला चार शुगर. सोबत पॉड कधी बदलला, शेवटचा कश किती वाजता, रात्री जाग आली का, काय आणि किती वाजता जेवलात. २८ पट्ट्या लागतील, खर्च आहे, पण सतत शुगर मोजणारा दोन आठवड्यांचा सेन्सर लावण्यापेक्षा स्वस्त पडेल. मग दुसऱ्या आठवड्यात एकच बदल करा: रात्री जेवणानंतर व्हेप नाही आणि ते झोपण्याच्या खोलीत नाही. उपाशीपोटीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. काहींच्या वहीत पंधरा-वीसचा फरक दिसतो, काहींच्या काहीच नाही. फरक नाही दिसला तर बेसलचा डोस आणि रात्रीचं जेवण यांकडे आधी बघावं लागेल. हे तुमच्याच शरीराचं उत्तर असेल, माझ्या अंदाजापेक्षा भरवशाचं.

त्यानंतर सोडण्याची तारीख ठरवा. एक अट मात्र आहे: व्हेप सोडताना सिगारेटकडे परत जायचं नाही. तशी वेळ येते आहे असं वाटलं तर व्हेप आठवडाभर आणखी चालू राहिलं तरी चालेल, पण सिगारेट नको. निकोटिनचे च्युइंगम आणि पॅच मेडिकलमध्ये मिळतात. त्यांतही निकोटिन आहे, पण मोजून आहे, सावकाश चढतं आणि आठ-बारा आठवड्यांत उतरवत बंद करता येतं. गम बबलगमसारखं चघळायचं नाही. चार-पाचदा चावा, झिणझिण्या आल्या की गालात धरा, मग पुन्हा चावा. बिनसाखरेचा बघून घ्या. व्हरेनिक्लिनच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळतात आणि चांगलं काम करतात. बुप्रोपिऑन हे सोडण्यासाठीचं दुसरं औषध सुचवलं गेलं तर इन्सुलिन चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण त्यात फिट येण्याचा धोका असतो आणि शुगर लो झाली की तो वाढतो. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची मोफत क्विटलाइन आहे. तिथे फोन करायला संकोच करू नका, माझे दोन-तीन पेशंट त्या आधारावरच सुटले.

पहिले तीन दिवस चिडचिड आणि हुरहूर सर्वांत जास्त असते, दोन-चार आठवड्यांत ओसरते. हात आणि तोंड रिकामं राहिलं की बिस्किटाकडे जातं. म्हणून खिशात मूठभर फुटाणे, टेबलावर ताक किंवा काकडी. व्हेपची जागा गोड चहाने घेतली तर शुगर तिथेच राहील.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. मेटफॉर्मिन आहे तसंच राहू द्या. इन्सुलिन मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःहून कमी करू नका आणि वाढवूही नका. निकोटिन गेलं की इन्सुलिनचा परिणाम काही आठवड्यांत सुधारू लागतो, दुसरीकडे भूक वाढून शुगर वर ढकलली जाते. तुमच्यात यातलं कोण जास्त जोर करेल ते आकडेच सांगतील. म्हणून पहिले तीन आठवडे रोज उपाशीपोटी, आणि आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला शुगर बघा. उपाशीपोटीचा आकडा सलग तीन दिवस १०० च्या खाली आला, किंवा एकदाही ७० च्या खाली गेला, तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी आम्ही बेसल साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरवतो, म्हणजे तुमच्या १६ चे १४ किंवा १३. तीन आठवड्यांनंतरही आकडा १५० च्या वरच राहिला तर डोस वाढवायचा का ते वही पाहून ठरवता येईल, आणि पुढचं एचबीए१सी सोडल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण झाल्यावरच करा.